भुताचे मौन : ‘हॅम्लेट’च्या प्रारंभप्रवेशातील गूढनिर्मिती

शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश वर्गात शिकविताना बहुधा ‘वातावरणनिर्मिती’ या एका शब्दात निकालात काढला जातो. मध्यरात्र, कडाक्याची थंडी, एल्सिनोरच्या किल्ल्यावरील पहारा आणि मृत राजाचे भूत एवढी सामग्री नोंदविली की अध्यापक दरबाराच्या प्रवेशाकडे वळतात. वस्तुतः दिसलेल्या गोष्टीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावयाचा, हा संपूर्ण नाटकाला व्यापणारा प्रश्न येथेच उभा राहतो.

सूडनाट्यात भूत ही नवलाची गोष्ट नव्हती. सेनेकाच्या ‘थायेस्टिस’च्या प्रारंभी टँटलसचे भूत येते, थॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’त अँड्रियाचे भूत आपल्या मृत्यूची हकिकत स्वतःच सांगून टाकते. म्हणजे भूत हे एका अर्थी आपल्याकडील सूत्रधाराचेच काम करीत असे. शेक्सपियरचे भूत या प्रवेशात दोनदा येते आणि एक अक्षरही बोलत नाही. ते बोलते थेट पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात. मूळ कथेशी तुलना केल्यास या मौनाचे महत्त्व अधिक उठून दिसते. सॅक्सो ग्रमॅटिकसने सांगितलेल्या आख्यायिकेत राजाचा वध सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे तेथे भुताची गरजच नाही. शेक्सपियरच्या नाटकात वध गुप्त आहे आणि त्याचा एकमेव साक्षीदार, मारेकरी वगळता, मेलेला आहे.

प्रवेशाची सुरुवातच उलटी आहे. पहाऱ्यावरील शिपायाने येणाऱ्याला हटकावयाचे, ही रीत. येथे पाळी घेण्यास आलेला बर्नार्डोच पहाऱ्यावरील फ्रान्सिस्कोला हटकतो. कारण अद्याप सांगितलेले नसते, परंतु भीती पोहोचलेली असते. ग्लोब नाट्यगृहातील प्रयोग दुपारी, उघड्या आकाशाखाली होत, हे ध्यानात घेतले म्हणजे या तुटक, आखूड संवादांचे सामर्थ्य कळते. अंधार दिव्यांनी नव्हे, शब्दांनी करावा लागत होता. शिवाय जे दिसले त्याला पहारेकरी प्रथम नावही देत नाहीत. त्याचा उल्लेख केवळ एक ‘वस्तू’ म्हणून होतो.

या प्रवेशाचा खरा नायक होरेशिओ होय. तो विटेनबर्गचा विद्यार्थी, विद्वान आणि संशयी आहे. त्याला बोलावले आहे तेच पंच म्हणून. बर्नार्डो आदल्या रात्रीची हकिकत सांगू लागतो आणि त्याचे वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच भूत समोर उभे राहते. ऐकीव कथेची जागा प्रत्यक्ष प्रमाण घेते. पण प्रत्यक्ष प्रमाणाने होरेशिओचा अविश्वास तेवढा मोडतो, ज्ञान वाढत नाही. चिलखतधारी आकृती पाहून तो नॉर्वेशी झालेले जुने युद्ध, तरुण फोर्टिनब्रासची हालचाल आणि देशातील शस्त्रांची घाई यांचा संबंध जोडतो. तर्क सुसंगत आहे, आणि तरीही मर्म चुकलेला आहे. राज्यावरील संकट, पुरलेले धन, मृतात्म्याला शांती देणारे एखादे कृत्य, असे अनेक हेतू तो भुताला विचारतो. खुनाचा संशय मात्र त्याला शिवत नाही. भूत बोलू पाहते तोच कोंबडा आरवतो.

(सीझरच्या वधापूर्वी रोममध्ये घडलेल्या अपशकुनांचे होरेशिओचे वर्णन १६०४-०५च्या क्वार्टो प्रतीत आहे, १६२३च्या फोलिओत नाही. वर्गात कोणती संपादित आवृत्ती आहे, हे म्हणून पाहावयास हवे.)

बुद्धिवादी गोपाळ गणेश आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) या नावाने मराठीत आणलेले नाटक भुताने सुरू व्हावे, यात वरकरणी विसंगती वाटते. होरेशिओकडे पाहिले की ती बरीचशी ओसरते.

राजपुत्र हॅम्लेटचा उल्लेख प्रवेश संपता संपता येतो: आपल्याशी मुके राहिलेले भूत त्याच्याशी बोलेल, असा होरेशिओचा कयास. तो खरा ठरतो. पण बोललेले भूतही निःसंशय पुरावा ठरत नाही. शुद्धिस्थान मानणाऱ्या कॅथलिक श्रद्धेनुसार ते पित्याचा आत्मा असू शकेल. ती कल्पना नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट मतानुसार ते सैतानाचे सोंगही असेल. हॅम्लेटला हीच शंका ग्रासते, आणि तिच्या निरसनासाठी तिसऱ्या अंकात त्याला राजासमोर नाटकातील नाटक करवून घ्यावे लागते.