तलाठ्याचे दप्तर आणि ई-फेरफार (लेखांक ७)

नवे साधन कर्मचारी का स्वीकारतो, याच्या चर्चेत फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपाचा आधार सहसा घेतला जातो. साधनाने काम सुधारेल असे वाटणे, म्हणजे उपयुक्ततेची जाणीव, आणि ते फारसे सायास न पडता वापरता येईल असे वाटणे, म्हणजे सुलभतेची जाणीव, या दोहोंवर स्वीकार अवलंबून असतो, असे हे प्रारूप सांगते. महाराष्ट्राच्या महसूल खात्यातील ई-फेरफार प्रणालीला मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण हस्तलिखित सातबारा बंद झाल्यावर तलाठ्यापुढे दुसरा मार्गच उरला नाही, आणि जिथे नकाराची मुभा नसते तिथे केवळ वापरावरून स्वीकार झाला असे म्हणता येत नाही.

खरेदी, वारसा वा वाटणीमुळे जमिनीवरील हक्क बदलला की त्याची गाव नमुना ६ मध्ये जी नोंद होते, तिला फेरफार म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस बजावतो, हरकतीची १५ दिवसांची मुदत जाऊ देतो आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. प्रणालीने हा क्रम तसाच ठेवला. दुय्यम निबंधकाकडील दस्ताची माहिती तेवढी थेट संगणकावर येऊ लागली.

खरी अडचण जुन्या दप्तरात होती. समजा, १ हेक्टर २० आर क्षेत्राच्या गटात तीन भावांच्या नावे प्रत्येकी ४० आर आहेत; त्यांपैकी एकाने १० आर विकले, खरेदीदाराचे नाव लागले, पण विकणाऱ्याचे क्षेत्र कमी करायचे राहून गेले. कागदावर ही १० आरची तफावत वर्षानुवर्षे निभावून गेली, कारण बेरीज कोणी मागितली नाही. संगणकाने ती मागितली, आणि पूर्वीच्या कितीतरी तलाठ्यांच्या हातून राहिलेली चूक निस्तरण्याची जबाबदारी आजच्या तलाठ्यावर आली. अशी दुरुस्ती तो स्वतःच्या अखत्यारीत करू शकत नाही. लेखनप्रमादासाठी कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो, त्याआधी जुने फेरफार शोधून प्रस्ताव तयार करावा लागतो, आणि हे सारे करताना गावचे दैनंदिन काम थांबत नाही.

कामगिरीच्या मोजमापातला अन्याय इथेच आहे, आणि तो स्पष्टपणे सांगायला हवा. आढावा बैठकीत प्रलंबित फेरफारांची संख्या विचारली जाते. साधी खरेदीची नोंद आणि तीन पिढ्यांचा गुंता सोडवून मेळात आणलेला सातबारा, दोन्ही त्या तक्त्यात सारखेच एक भरतात. मग सोपी प्रकरणे आधी निकाली काढण्याकडे कर्मचाऱ्याचा कल झाला, तर त्याला कामचुकार ठरवणे योग्य नाही, कारण मोजमापच त्याला तिकडे ढकलते. २०१८ पासून सातबारा तलाठ्याच्या डिजिटल स्वाक्षरीने घरबसल्या मिळू लागला, ही शेतकऱ्याची फार मोठी सोय झाली. पण त्या स्वाक्षरीखालच्या प्रत्येक आकड्याचे उत्तरदायित्व ज्याच्यावर आहे, त्याला जुन्या नोंदी तपासायला किती दिवस मिळाले, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही.