बाण अडवण्याची विद्या

तिरंदाजीचा क्लब म्हणजे बाण मारायला शिकवणारी संस्था अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी अशा क्लबच्या रोजच्या कामाचा मोठा भाग सुटलेला बाण कुठे थांबेल याची तजवीज करण्यातच जातो. ऑलिंपिकमध्ये वापरले जाणारे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढच्या बाजूला वळलेले धनुष्य, 70 मीटरवरच्या लक्ष्यावर चालवले जाते. त्या लक्ष्याच्या रंगीत कागदाचा, म्हणजे ‘फेस’चा, व्यास 122 सेंटिमीटर आणि त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा अवघा 12.2 सेंटिमीटर असतो. ही मापे कोनांत मांडली की मैदानाची खरी अडचण कळते. एका अंशाने दिशा चुकलेला बाण 70 मीटरवर मध्यापासून सुमारे सव्वा मीटर दूर जातो, म्हणजे अर्ध्या अंशाची चूकही त्याला कागदाच्या कडेपर्यंत नेते, आणि दहा गुण हवे असतील तर चूक अंशाच्या विसाव्या हिश्शाच्या आत राहावी लागते. कसलेल्या धनुर्धराच्या बाबतीत ही चर्चा गुणांची असते. नवशिक्याच्या बाबतीत मात्र ती कुंपणापलीकडच्या रस्त्याची असते.

म्हणून मैदान आखताना पहिला विचार दिशेचा होतो. भारतासारख्या उत्तर गोलार्धातल्या देशात शक्यतो उत्तरेकडे तोंड करून नेम धरला जातो, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य डोळ्यांवर येत नाही. लक्ष्यांच्या मागे भरपूर मोकळी जागा, आणि ती नसेल तर मातीचा उंच बांध, भिंत किंवा बाण अडवणारी जाड जाळी लागते. गवत सतत कापून ठेवावे लागते, कारण खाली पडलेला बाण उभा राहत नाही. तो गवताच्या मुळांशी सरपटत जाऊन आडवा दडतो आणि दोन पावलांवर असूनही दिसत नाही. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात हे गवत आठवड्याभरात घोट्यापर्यंत वाढते, त्यामुळे पावसाळ्यात गवत कापण्याचे यंत्र धनुष्याइतकेच महत्त्वाचे ठरते. कार्बनचा तुटलेला बाण तसाच राहिला तर त्याच्या सुईसारख्या कुसळ्या हातापायांत शिरतात, शिवाय त्याच मैदानावर गुरे चरत असतील तर त्यांनाही धोका होतो. म्हणून हरवलेला बाण शोधणे हे काटकसरीपेक्षा जबाबदारीचे काम मानले जाते.

महाभारतातल्या परीक्षेत द्रोणाचार्यांपुढे एका वेळी एकच शिष्य उभा राहतो, आणि धनुर्विद्येविषयीची मराठी माणसाची कल्पना बहुधा त्याच प्रसंगातून आलेली असल्यामुळे ती एकाकी एकाग्रतेभोवती फिरते. क्लबच्या मैदानावर मात्र दहा-पंधरा जण एका ओळीत उभे असतात आणि सगळी शिस्त त्या ओळीची असते. जमिनीवर नेमरेषा आखलेली असते, तिच्या मागे पाच मीटरवर थांबण्याची रेषा. शिट्टीचे दोन आवाज झाले की धनुर्धर नेमरेषेवर येतात, एका आवाजाने बाण सोडायला सुरुवात होते, तीन आवाजांनी ती फेरी संपून बाण आणायला जाता येते, आणि पाच किंवा अधिक आवाज म्हणजे संकट: ओढलेली प्रत्यंचाही न सोडता हळूच खाली घ्यायची. लक्ष्याकडे पळत जाण्याला सक्त मनाई असते, कारण रुतलेल्या बाणांची मागची टोके छातीच्या ते डोळ्यांच्या उंचीवर माणसाकडे रोखलेली असतात. बाण उपटताना एक हात कागदावर सपाट टेकवून दुसऱ्या हाताने बाण कागदालगत धरून सरळ ओढायचा, आणि त्याच्या मागे कोणी उभे नाही हे आधी पाहायचे, हा धडा नेम धरण्याच्या आधी दिला जातो.

नवशिक्याला प्रथम लक्ष्य दाखवलेच जात नाही. पाच-दहा मीटरवर कागद न लावलेल्या कोऱ्या ‘बट’वर, म्हणजे बाण अडवणाऱ्या जाड गादीवर, हलक्या धनुष्याने तो आठवडेच्या आठवडे बाण मारतो, कारण नेमाची चिंता नसली की खांदा, कोपर आणि बोटांची सुटका यांकडे लक्ष राहते. बाण न लावता ओढलेली प्रत्यंचा सोडायची नाही, हे त्याला वारंवार बजावले जाते, कारण बाणाला मिळायची ती सगळी ऊर्जा मग धनुष्यातच जिरते आणि त्याच्या पात्यांना तडा जाऊ शकतो. बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा प्रकार याच टप्प्यावर उपयोगी पडतो: ते धनुष्य काही हजारांत येते, तर स्पर्धेचा रिकर्व्ह किंवा कंपाउंड संच लाखाच्या पुढे जातो. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना चक्रे असतात, त्यामुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. त्याचे लक्ष्य 50 मीटरवर आणि 80 सेंटिमीटरचे असते.

या कंपाउंड प्रकारात महाराष्ट्राचे नाव झाले ते साताऱ्यामुळे. प्रवीण सावंत यांच्या अकादमीत घडलेली अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वयाच्या 17व्या वर्षी वैयक्तिक विजेती ठरली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरहून साताऱ्याला सरावासाठी आलेल्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवून पुरुषांचे विजेतेपद घेतले. वरिष्ठ गटात भारताची ही पहिली वैयक्तिक जागतिक विजेतेपदे होती. मोठी क्रीडासंकुले असलेल्या शहरांऐवजी हे यश जिल्ह्याच्या गावातल्या मैदानावरून आले, ही गोष्ट या खेळाच्या गरजा किती मोजक्या आहेत हे सांगते. मात्र त्या मोजक्या गरजांत ढिलाई चालत नाही.

त्या गरजांतली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे वर उल्लेखलेला बट. पूर्वी गवताच्या किंवा पेंढ्याच्या घट्ट वळलेल्या दोरांचे गोल चक्र वापरत. ते स्वस्त असले तरी पावसात कुजते आणि भिजून फुगते. आता फोमच्या पट्ट्या एकावर एक रचून लाकडी चौकटीत दाबून बसवतात. बाण थांबतो तो घर्षणामुळे: फोमचे थर त्याला दोन्ही बाजूंनी आवळतात, त्यात उष्णता निर्माण होते, आणि वेगवान कंपाउंड बाणांवर कधीकधी फोम वितळून चिकटतो, म्हणून त्यांना साबण किंवा तेलकट लेप लावण्याची पद्धत आहे. पट्ट्या सैल पडल्या की बाण आरपार जाऊ लागतात, तेव्हा चौकटीचे स्क्रू पुन्हा आवळावे लागतात. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून 130 सेंटिमीटर उंच ठेवून बट किंचित मागे कललेला उभा केला जातो, आणि वाऱ्याने तो बाणांसह पालथा पडू नये म्हणून जमिनीला दोरांनी बांधला जातो. क्लबमधले धनुर्धर जितके चांगले, तितका बटचा मधला भाग लवकर मरतो, कारण सगळे बाण तिथेच घुसतात आणि कडा मात्र नव्यासारख्या राहतात. म्हणूनच आता मधला चौकोन वेगळा काढून बदलता येईल असे बट बनवले जातात.