चालती बोट, उभी बोट

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरहून दूर आहे. मांजरेवरचे धनेगावचे धरण २०१६ साली पार आटले आणि लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तो हा मुलूख. इथल्या वाचकाने जुन्या प्रवासी बोटीच्या जतनाची उठाठेव कशाला करावी, असे कुणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. पण बोट टिकवणे हा प्रश्न भावनेचा जेवढा वाटतो तेवढा तो नाही. तो लोखंड, मीठ, पाणी आणि हवा यांच्या हिशेबाचा आहे, आणि हा हिशेब न केल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. मुंबईहून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जाणाऱ्या आगबोटी म्हणजे कोकणाचा शंभरेक वर्षांचा हमरस्ता होता. ‘तुकाराम’, ‘रामदास’पासून ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’पर्यंत कितीतरी बोटींनी चाकरमान्यांच्या पिढ्या वाहिल्या. १९९० च्या सुमारास ही सेवा मिटली, आणि तिकीट काढून आत शिरावे, इंजिनाच्या खोलीत डोकवावे अशी त्यातली एकही बोट राज्याने मागे ठेवली नाही. काही बुडाल्या, उरलेल्या भंगारात गेल्या.

बोट भंगारात का जाते, हे आधी पाहू. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, त्यामुळे ते पाणी विजेचे चांगले वाहक बनते, आणि गंजणे ही मुळात छोट्या छोट्या विद्युतघटांचीच करामत असल्याने तिला वेग येतो. उघडे पोलाद समुद्रात बुडवून ठेवले तर ढोबळमानाने वर्षाला ०.१ मिलिमीटर जाडी जाते. लाटा उडतात त्या पट्ट्यात, जिथे पत्रा घटकेत ओला आणि घटकेत कोरडा असतो, झीज याच्या कितीतरी पट असते. विहिरीत सोडलेला लोखंडी पाइप पाण्याच्या रेषेजवळ आधी सडतो, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बोटीचे दुखणेही तेच. लहान प्रवासी बोटीचा पत्रा आठ मिलिमीटरचा धरला, तर रंगाविना वीस वर्षांत त्यातले दोन मिलिमीटर, म्हणजे चौथा हिस्सा गेला. एवढी झीज झाली की तपासनीस तो पत्रा बदलायलाच सांगतात.

ही झीज मोजण्याची रीत मोठी देखणी आहे. पत्र्याला भोक पाडावे लागत नाही, पलीकडच्या बाजूला जावेही लागत नाही. मुठीत मावणारे यंत्र पत्र्याला टेकवले की त्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी आत शिरतो, मागच्या पृष्ठभागावर आपटतो आणि परत येतो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावतो. आठ मिलिमीटर जायला आणि तेवढेच यायला त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या पावणेतीन पट वेळ लागतो. याहून कमी वेळात प्रतिध्वनी आला, तर पत्रा तेवढा पातळ झाला. बोटीवर अशी शेकडो ठिकाणे खडूने आखून मोजतात, आणि मग ‘बोट जुनी झाली’ असे मोघम बोलावे लागत नाही. कुठला पत्रा, किती आणि कधी बदलायचा हे आकड्यांत सांगता येते. जतनाच्या बाजूने माझा पहिला युक्तिवाद हाच आहे की हे दुखणे मोजता येते, आणि त्यावरचे उपायही माहीत आहेत. ठरल्या मुदतीने बोट सुक्या गोदीत घ्यायची, खरवडायची, रंगवायची आणि बुडाला जस्ताचे ठोकळे बसवायचे. जस्त लोखंडाहून अधिक चटकन क्षरण पावते; ते स्वतः झिजते आणि पत्र्याला वाचवते.

पाणी गोडे असेल तर काम आणखी सोपे होते. नॉर्वेच्या म्योसा सरोवरात ‘शिब्लाडनर’ ही १८५६ सालची, दोन्ही अंगांना चाके असलेली वाफेची बोट अजून प्रवासी नेते. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नच्या सरोवरात १९०१ सालची ‘उरी’ अशीच चालू आहे. यावरून गोडे पाणी मिळाले की बोट आपोआप टिकते, असे वाटेल. तो समज अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या उदाहरणाने खोडून निघतो. तिथल्या ‘कोलंबिया’ (१९०२) आणि ‘सेंट क्लेअर’ (१९१०) या दोन बोटी खास सहलीसाठी बांधलेल्या होत्या. शहरातल्या लोकांना नदीतून एका बेटावरच्या जत्रेसारख्या उद्यानात न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, एवढेच त्यांचे काम. नदी गोड्या पाण्याची. १९९१ साली फेऱ्या थांबल्या, दुसऱ्याच वर्षी दोघींना राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. आणि तरी मानाची पाटी लागल्यावरच त्यांची खरी वाताहत झाली. वर्षानुवर्षे त्या धक्क्याला पडून राहिल्या, आणि २०१८ साली दुरुस्ती चालू असताना ‘सेंट क्लेअर’ला आग लागून तिची लाकडी वरची बाजू जळून गेली.

शिब्लाडनर आणि सेंट क्लेअर यांच्यातला फरक पाण्याचा नाही, वापराचा आहे. चालत्या बोटीवर रोज माणसे असतात. तळात पाणी साचले तर त्याच दिवशी दिसते, उपसले जाते. इंजिनाची ऊब आतली दमट हवा बाहेर काढते. शिवाय प्रवासी बोटीचा सुरक्षा-दाखला वर्षभराचाच असतो, म्हणून तपासणी टाळता येत नाही, आणि तपासणीपुरते पैसे तिकिटांतून येत राहतात. बोट उभी राहिली की हे सगळे एकदम थांबते आणि गंज मात्र सुट्टी घेत नाही. उलट बंदरातल्या चिखलात, ऑक्सिजन नसलेल्या थरात, सल्फेटवर जगणारे जिवाणू पत्रा खालून पोखरू लागतात.

आपल्याकडे याचा दाखला म्हणजे ‘विक्रांत’. ती प्रवासी बोट नव्हती, पण धडा तोच. ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका मुंबईत २००१ पासून संग्रहालय म्हणून लोकांना खुली होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून दारे बंद झाली, २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारवाल्याकडे गेली. तेव्हा उठलेली हळहळ म्हणजे बैल गेला नि झोपा केला. ती वाचवणे शक्य होते का? माझे मत असे की फार अवघड होते, आणि त्याचे कारण तिच्या आकारात आहे. विक्रांतची लांबी ७०० फूट. कोकणच्या ‘रामदास’ची जेमतेम १८०. लांबी चौपटीच्या आसपास वाढली की रंगवायचे, खरवडायचे क्षेत्रफळ तिच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पंधरा पट वाढते. एका विक्रांतच्या पत्र्याला जेवढा रंग लागला असता, तेवढ्यात पंधरा रामदास रंगून निघाल्या असत्या. म्हणून जतनाचा विचार करायचाच, तर तो लहान प्रवासी बोटीपासून करावा. युद्धनौकेला वलय असते हे खरे, पण वलयाने गंज थांबत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की पत्रे, बॉयलर, फळ्या बदलत गेले तर शेवटी जुने असे उरते काय? स्कॉटलंडची ‘वेव्हर्ली’ बघा. १९४६ साली ग्लासगोला पाण्यात उतरलेली ही सहलीची बोट १९७४ मध्ये एका जतन-संस्थेला अवघ्या एका पौंडाला विकली गेली. आजवर तिचे बॉयलर तीनदा बदलले. पण तिरपे बसवलेले, तीन टप्प्यांत वाफ पसरवणारे मूळ इंजिन तिच्यात आहे आणि प्रवाशांना ते चालताना बघता येते. देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणून देऊळ नवे झाले असे आपण म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे: लेझरने मोजून संगणकात हुबेहूब बोट उभी करा, खरी कशाला हवी? याचे उत्तर युसूफ वडगावच्या शेजारी, अंबाजोगाईत आहे. दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिलेली पासोडी तिथे जपून ठेवलेली आहे. तिच्यावरचा मजकूर कागदावर उतरवता येतो. म्हणून कापड टाकून द्यावे, असे कुणाला सुचलेले नाही. कापडाची वीण, शाई, घडीच्या खुणा हे सगळे मजकुराच्या बाहेरचे पुरावे आहेत, आणि उद्याच्या अभ्यासकाला त्यातले काय लागेल हे आज सांगता येत नाही. बोटीच्या पत्र्यातले गंधक, रिव्हेटांची ठेवण, डागडुजीचे थर ही तिची शाई. संगणकात आपण तेवढेच साठवतो, जेवढे मोजावे असे आपल्याला आज वाटते.

पैशाचा आक्षेप यापेक्षा जड आहे. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघावी लागते तिथल्या करातून बोट रंगवावी का? माझे उत्तर: रंगवू नये. वेव्हर्लीला २०१९ मध्ये नवे बॉयलर लागले तेव्हा संस्थेने लोकांकडून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि पुढच्याच वर्षी बोट पुन्हा चालू झाली. सरकारने द्यायचे ते धक्क्यावर जागा, गोदीचा सवलतीचा दर आणि कायद्याचे संरक्षण. त्यातले तिसरे आज जवळजवळ नाही. आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा वस्तूला शंभर वर्षे झाल्याशिवाय तिच्याकडे बघत नाही. खाऱ्या पाण्यातल्या बोटीचे कामाचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे. ब्रिटनच्या ऐतिहासिक नौकांच्या नोंदवहीत पन्नास वर्षांची बोट घेतली जाते. आणि बीडच्या वाटणीचेही यात काही आहेच. वाफ कशी हाताळायची हे कोकणापेक्षा आता ऊसपट्ट्यात जास्त लोकांना येते. गाळपाच्या हंगामात रात्रपाळीला दाब सांभाळणारे बॉयलर अटेंडंट इथल्याच साखर कारखान्यांत तयार होतात. वाफेची बोट चालवायला नेमकी हीच विद्या लागते.

सर्वांत गंभीर शंका सुरक्षेची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. जुनी बोट म्हणजे मरणाला आमंत्रण, हे तेव्हापासून मनात बसले आहे. पण रामदास तेव्हा उणीपुरी अकरा वर्षांची होती, म्हणजे दोष म्हातारपणाचा नव्हता. कललेली बोट सरळ होते, कारण बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याचा रेटा कललेल्या बाजूकडे सरकून तिला उलट ढकलतो. माणसे वरच्या डेकवर दाटली की गुरुत्वमध्य वर जातो आणि हा सावरण्याचा जोर घटतो. त्यात लाटेने बोट कलली आणि घाबरून सगळे एका अंगाला धावले, की संपले: सातशे माणसे पन्नास किलोंची धरली तरी ३५ टन वजन काही सेकंदांत जागा बदलते. आज अशा बोटीवर निम्म्याहून कमी प्रवासी घ्यावेत, वरच्या डेकवर तर मोजकेच, आणि पावसाळ्यात ती बांधून ठेवावी. कलतेपणाची चाचणी दर दुरुस्तीनंतर व्हावी. ठरलेली वजने डेकवर सरकवून लंबक किती हलतो हे बघायचे, एवढी साधी ती चाचणी आहे.

आगबोटी गेल्या, पण रामदासच्याच वाटेवर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, आणि गेटवेवरून घारापुरीला, लाकडी लाँच अजून धावतात. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले, रेवस-कारंजा पुलाचे काम मार्गी लागले आहे. पूल झाले की यातल्या बऱ्याच लाँच बसतील. लाकडाला गंज लागत नाही, पण खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे शिंपल्यांच्या कुळातले किडे त्याला आतून पोकळ करतात. वरून फळी धडधाकट दिसते, हातोडीने ठोकली की भद्द आवाज येतो. यातली एक लाँच, मालकाने विकायला काढण्याच्या आत, चालू स्थितीत घ्यावी. तिची मापे काढावीत, फळीफळी ठोकून बघावी, तिच्यावर काम केलेल्या सुतारांकडून सांधे भरण्याची रीत लिहून घ्यावी आणि थंडी-उन्हाळ्यात तिला तिच्याच वाटेवर तिकीट लावून फिरवावे. ती धक्क्याला लागून दोन पावसाळे गेले, तर हेच काम दुप्पट महाग पडेल.