खिशातलं रॉकेट

"बाई, मी बुटका आहे म्हणून मला कुणी संघात घेतच नाही!" चौथीतल्या एका मुलानं परवा खेळाच्या तासाला तक्रार केली. डोळे अगदी भरून आले होते त्याचे. मग मी सगळ्यांना गोल बसवलं आणि एका सायकलपटूची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

आधी त्याचा खेळ समजून घेऊ. खेळाचं नाव केरिन. ही सायकल शर्यत १९४८ साली जपानमधल्या कोकुरा शहरात सुरू झाली. १९८० पासून ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत आहे, तर २००० पासून पुरुषांसाठी ऑलिंपिकमध्येही.

गंमत म्हणजे, या सायकल शर्यतीत सुरुवातीला सगळ्यांत पुढे असते एक छोटी मोटरसायकल! सायकलपटू तिच्यामागे एका ओळीत धावतात. ती वेग वाढवत ताशी ५० किलोमीटरपर्यंत नेते. तोवर तिला ओलांडायचं नाही. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या, की ती बाजूला होते आणि मग एकच झुंबड उडते!

पुढच्याच्या पाठीशी राहिलं, की समोरचा वारा कमी लागतो आणि दम वाचतो. पण फार वेळ मागे राहिलं, तर पुढे जायला वाटच मिळत नाही. म्हणून इथे पायांइतकंच डोकंही चालवावं लागतं. मैदान लाकडी, परातीच्या कडेसारखं तिरपं. आणि या सायकलींना ब्रेकच नसतात!

अशा धिप्पाड गड्यांच्या खेळात मलेशियाचा अझिझुलहस्नी अवांग उतरला. उंची जेमतेम साडेपाच फूट. लोक त्याला कौतुकानं 'पॉकेट रॉकेटमॅन', म्हणजे खिशातलं रॉकेट म्हणू लागले. २०१० च्या जागतिक स्पर्धेत त्यानं केरिनचं रौप्यपदक मिळवलं. सोनं मात्र थोडक्यात हुकलं.

फेब्रुवारी २०११. मँचेस्टरमध्ये विश्वचषकाची अंतिम शर्यत चालू होती. शेवटी शेवटी सायकली एकमेकींवर आदळल्या आणि अवांग धाडकन पडला. तरी तो उठला, सायकलवर चढला आणि तिसरा आला! मग त्याचं पायाकडे लक्ष गेलं. मैदानाच्या लाकडाची सुमारे २० सेंटीमीटर लांब ढलपी पोटरीतून आरपार गेली होती. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीहूनही लांब!

शस्त्रक्रिया करावी लागली. आता हा पुन्हा त्या लाकडी मैदानावर येईल का, असं कुणालाही वाटलं असतं. पण तो आला. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक जिंकलं. आणि एप्रिल २०१७ मध्ये हाँगकाँगला तो केरिनचा जगज्जेता झाला! पुढे २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचं रौप्यपदकही त्यानं पटकावलं.

मँचेस्टरचा अपघात ते हाँगकाँगचं सोनं, मध्ये सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांत त्याची उंची इंचभरही वाढली नव्हती बरं का!

गोष्ट संपली तेव्हा आमचा तो छोटा दोस्त हळूच म्हणाला, "बाई, उद्या मी लंगडीत पहिला उतरू?" उतर की, राजा!

फक्त एक ध्यानात ठेवा. आपला रस्ता म्हणजे शर्यतीचं मैदान नव्हे. आपल्या सायकलीला ब्रेक हवेतच, डोक्यावर हेल्मेटही हवं. आणि आईबाबा, मुलांच्या सायकलीचे ब्रेक आज एकदा तपासून बघाल ना?