वल्ह्याचं गणित

खाडीतल्या होडीचं वल्हं टोकाला रुंद का असतं? काठीनंही पाणी मागे लोटता येतं, पण दमछाक होते आणि होडी जेमतेम हलते. रुंद पात्यानं संथपणे वल्हवलं तरी भरपूर पाणी मागे जातं आणि होडी निघते. विमानाचं इंजिनही हवेला मागे लोटूनच पुढचा रेटा मिळवतं.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचं विमान उडालं. त्यांचा मेकॅनिक चार्ली टेलर यानं घडवलेलं सुमारे १२ अश्वशक्तीचं इंजिन साखळ्यांनी दोन लाकडी प्रोपेलर फिरवत होतं. पुढे वेग वाढत गेला तशी प्रोपेलरच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडू लागली आणि त्यांचा जोर ओसरू लागला.

मग प्रोपेलर काढूनच टाकला तर? इंग्लंडच्या फ्रँक व्हिटलनं १९३० मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण २७ ऑगस्ट १९३९ रोजी पहिलं जेट विमान उडालं ते जर्मनीत, हान्स फॉन ओहाइनच्या इंजिनावर. टर्बोजेट हवा ओढतं, दाबतं, इंधन जाळून तापवतं आणि मागे फेकतं. जाता जाता तो झोत टर्बाइन फिरवतो आणि टर्बाइन हवा दाबणारा कॉम्प्रेसर. नाशिकजवळ ओझरला बांधलेली मिग-२१ याच जातीच्या इंजिनावर उडाली.

पण बारीक, वेगवान झोत म्हणजे पुन्हा काठीच. हवा दुप्पट वेगानं फेकली तर रेटा दुप्पट होतो, पण झोताला ऊर्जा चौपट द्यावी लागते. त्याऐवजी दुप्पट हवा त्याच वेगानं फेकली, तर ऊर्जाही दुप्पटच लागते. एटीआरसारख्या टर्बोप्रॉप विमानात म्हणून टर्बाइन गिअरमार्फत उघडा प्रोपेलर फिरवतं. मोठ्या प्रवासी विमानांत ते पुढचा बंदिस्त पंखा फिरवतं. जीई-९एक्स या टर्बोफॅनचा पंखा ३.४ मीटर व्यासाचा आहे. गाभ्यात शिरणाऱ्या एका भागामागे सुमारे दहा भाग हवा आगीला न शिवता बाहेरून जाते. २०१७ मध्ये चाचणीत त्यानं १,३४,३०० पौंडांचा, म्हणजे जवळपास ६१ टनांचा रेटा दिला.

विमान उभं असताना त्याचा पंखा कधी नुसत्या वाऱ्यानं फिरतो. काही इंजिनांत तेव्हा खडखड ऐकू येते. बिघाड नसतो तो. पाती खाचांत किंचित सैल बसवलेली असतात. इंजिन वेगात आलं की बाहेरच्या ओढीनं ती घट्ट बसतात आणि खडखड थांबते. वेगापायी टाकून दिलेलं रुंद वल्हं आता धातूच्या पिंपात बसून तेच जुनं काम करतं.