खऱ्या ल्युमेनचा पांढरा गोल

हातात मावणाऱ्या टॉर्चमधून एक लाख ल्युमेन! इमॅलेंट कंपनीच्या 'एमएस१८' या मॉडेलसाठी हाच आकडा दिला जातो. पुढे अठरा एलईडी आणि त्यांना थंड ठेवायला चक्क पंखा. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. म्हणजे असे शंभरावर बल्ब एका काचेमागे दाटीवाटीने बसवल्यासारखं झालं.

हा आकडा खरा की फुगवलेला, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. उजेड दुप्पट झाला तरी डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही. झोत अरुंद केला की कमी ल्युमेनचा टॉर्चही जास्त प्रखर भासतो. भिंतीवर झोत टाकून मधोमध लक्समीटर धरला, तर त्या एका ठिपक्यावरचा उजेड कळतो. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना बाहेर पडणारा एकूण प्रकाश, आणि तो पकडायला लागतो आतून पांढराशुभ्र असलेला एक पोकळ गोल. प्रयोगशाळांमध्ये त्याला 'इंटिग्रेटिंग स्फिअर' म्हणतात.

या गोलामागचं गणित इंग्रज संशोधक विल्यम सम्पनर यांनी १८९२ मध्ये मांडलं. १९०० मध्ये ड्रेस्डेनच्या रिचर्ड उलब्रिख्त यांनी दाखवून दिलं, की दिव्याभोवती फिरून शेकडो मोजमापं घ्यायची गरज नाही. गोलात एकच मोजमाप पुरतं. आजही हा गोल त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कल्पना मोठी सुंदर आहे. आतल्या भिंतीला बेरियम सल्फेटसारखा विनाचकाकीचा पांढरा लेप असतो. त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो, आणि गोलाच्या भूमितीमुळे भिंतीच्या प्रत्येक भागाला त्याचा सारखाच वाटा मिळतो. पुन्हा विखुरणं, पुन्हा वाटणी. अशा असंख्य उड्यांनंतर झोत कुठे पडला होता याचा मागमूस उरत नाही. एका बारीक छिद्रातला सेन्सर ही सरासरी वाचतो. प्रकाश सेन्सरवर थेट पडू नये म्हणून मध्ये एक छोटा पांढरा पडदा असतो.

या लेपाला बोटही लावू देत नाहीत, ते उगाच नाही. लेप ९८ टक्के प्रकाश परतवत असेल आणि छिद्रांनी गोलाचा २ टक्के पृष्ठभाग व्यापला असेल, तर आतला उजेड सुमारे २५ पटींनी वाढतो. धुळीने परावर्तन फक्त एका टक्क्याने घटलं तरी ही वाढ २० पटींपर्यंत घसरते. टक्का एक, चूक पाचव्या हिश्श्याची! म्हणून ज्याचे ल्युमेन आधीच पक्के ठाऊक आहेत असा प्रमाणित दिवा लावून गोल पुन्हा पुन्हा पडताळावा लागतो.

महाबली टॉर्चपुढे मात्र या गोलाचीही कसोटी लागते. एक मीटर व्यासाच्या गोलात एक लाख ल्युमेन सोडले, तर वरच्याच हिशेबाने भिंतीवर सुमारे ८ लाख लक्स उजेड होतो. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं, आणि हातात धरायचे बरेच लक्समीटर दोन लाखांवर थकतात. मग सेन्सरपुढे उजेड ठरावीक प्रमाणात कमी करणारा फिल्टर लावतात किंवा मोठा गोल वापरतात. टॉर्चचं काळं, रुंद तोंड स्वतःच प्रकाश गिळतं. तो तोटा वेगळा सहायक दिवा लावून मोजतात आणि हिशेबात धरतात.

खरी गोम वेळेत आहे. एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो, शिवाय टॉर्चमधलं सर्किट जळण्याच्या भीतीने वीज आपोआप कमी करतं. पहिल्या क्षणाचा आकडा मिनिटभराने उरेलच असं नाही. काही विक्रेते तर एलईडीच्या कागदोपत्री कमाल ल्युमेनला एलईडींच्या संख्येने गुणून मोकळे होतात. काचेत आणि रिफ्लेक्टरमध्ये वाया जाणारा प्रकाश त्यात धरलेलाच नसतो.

याला आळा घालायला अमेरिकेत २००९ मध्ये 'एएनएसआय एफएल१' हे मानक आलं. त्यानुसार टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान बाहेर पडणारे ल्युमेन मोजायचे. उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे 'रनटाइम'. झोत जिथे पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ते अंतर म्हणजे पल्ला. हे मानक ऐच्छिक आहे. शिवाय दहा टक्क्यांपर्यंतच्या 'रनटाइम'मध्ये पूर्ण उजेड किती मिनिटं टिकला, हे त्यातून कळत नाही.

म्हणून ट्रेकसाठी, शेतावर रात्रीचं पाणी द्यायला जाण्यासाठी किंवा बचावकार्यासाठी टॉर्च घेताना नुसत्या ल्युमेनवर भुलू नका. खोक्यावर 'एफएल१'चं चिन्ह आहे का ते बघा आणि वेळेगणिक उजेड कसा उतरतो त्याचा आलेख मागा. जो विक्रेता तो दाखवत नाही, त्याच्या लाखाच्या आकड्यावर पैसे मोजू नका.