झुंबराला अर्थिंग लागतं

जुन्या वाड्यांत आणि चाळींत लाकडी पट्ट्यांवरून फिरवलेलं वायरिंग अजून सापडतं. दिव्याच्या पॉइंटवर दोनच वायरी येतात, फेज आणि न्यूट्रल. बेकेलाइटच्या होल्डरला नुसता बल्ब असायचा तेव्हा तिसऱ्या, अर्थिंगच्या वायरीवाचून अडत नव्हतं. आता तिथेच पितळी झुंबर लागतं.

‘दिवा उंचावर, त्याला हात कोण लावतं?’ दिवाळीच्या साफसफाईत लावतात; लोखंडी स्टुलावर चढून, ओल्या फडक्यानं. बटण बंद आहे यावर विसंबणंही धोक्याचं. जुन्या घरात कित्येकदा बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं. मग दिवा विझला तरी फेज होल्डरपर्यंत पोचलेला असतो. मेन स्विच बंद करूनच वर चढा.

सर्वांत घातक समज वेगळाच : अर्थिंग नसेल तर धातूचा भाग न्यूट्रलला जोडला की काम झालं. काही वायरमनही हे सर्रास करतात. दिवा लागतो, शॉक बसत नाही, घरचे निर्धास्त होतात. पुढे कधीतरी न्यूट्रलचा स्क्रू ढिला होऊन वायर सुटते. दिवा लागत नाही, पण फेज बल्बमधून पुढे येऊन त्या जोडामार्गे थेट झुंबराच्या पितळेवर उतरतो. आणि दिवा का लागत नाही हे बघायला माणूस नेमका तिथेच हात घालतो. हा जोड दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या.

नळाच्या पाइपला वायर बांधणं हाही जुना उपाय. लोखंडी पाइप जमिनीत जात होता तोवर ते कसंबसं चालायचं. आता दुरुस्तीत मध्ये पीव्हीसीचा तुकडा येतो, आणि विजेची गळती झाली की करंट जमिनीऐवजी नळाच्या तोटीवर उभा राहतो.

‘एमसीबी आहे ना!’ एमसीबी आहे तो जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी. फेज झुंबराच्या पितळेला टेकला आणि अर्थिंगच्या वाटेचा एकूण रोध 20 ओहम धरा : 230 व्होल्टला वाहणार 11.5 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी त्याला दादच देत नाही आणि झुंबर जिवंत राहतं. म्हणून 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला नाही, की ती पुरवठा तोडते. अर्थिंग नसतानाही ती चालते. मात्र तेव्हा गळती माणसाच्या अंगातून होते आणि झटका बसल्यावरच ती पडते. अर्थिंग असेल तर कुणी हात लावण्याआधीच पडते. त्यामुळे एकावर दुसऱ्याचं काम भागत नाही.

एलईडी कमी वॅटचा, म्हणून निर्धोक, असंही नाही. त्याच्या ड्रायव्हरला 230 व्होल्टच मिळतात.

सगळं वायरिंग बदलणं परवडत नसेल, तर मेन बोर्डच्या अर्थिंगपासून धातूच्या दिव्यापर्यंत तांब्याची स्वतंत्र हिरवी वायर ओढून घ्या. तेही जमत नसेल तर चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दिवा आणा. त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थिंग लागत नाही. जुन्या वायरींचं रबर हलवताच तडकून गळायला लागलं, तर त्या पॉइंटवर कोणताच नवा दिवा लावू नका. आधी वायर बदला. हिरवी वायर ओढून झाली, की तिचं दुसरं टोक कुठे जोडलंय ते वायरमनकडून बोर्ड उघडून दाखवून घ्या. छताच्या वाटीत नुसतीच दुमडून ठेवलेली हिरवी वायर काही कमी घरांत नसते.